थोरल्याचा सॉस

अंडं उकडायला भांड्यात पाणी घालावं लागतं हे ज्याला लग्नानंतर सांगावं लागलं होतं, तो माणूस एका रविवारी सकाळी टोमॅटोची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात शिरला आणि म्हणाला, "आज ओटा मला दे."

ताई चहाचा कप हातात तसाच धरून बघत राहिली. तिला सगळेच ताई म्हणत. गल्लीतले म्हणत, ती काम करायची त्या पडद्यांच्या दुकानातले म्हणत, आणि नवराही घाईगडबडीत चुकून म्हणून जायचा.

"कशाला?"

"बार्बेक्यू सॉस करतोय."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? सहज."

हा 'सहज' ताईच्या चांगल्या ओळखीचा होता. नवऱ्यानं आजवर जे जे सहज केलं होतं, ते निस्तरता निस्तरता तिच्या नाकीनऊ आले होते. शिवाय बार्बेक्यू हा शब्दच त्या घरात बरीच वर्षं कुणी काढला नव्हता. काढायचा नाही असं ठरवलं होतं ते नवऱ्यानंच. आणि आज तोच बाह्या सरसावून कांदा सोलत होता.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तारा, कप्प्या, ग्रीस यांच्यावर त्याचा हात बसलेला. कांदाही त्यानं केबल कापावी तसाच कापला, ठोकून. लसूण ठेचला. टोमॅटो शिजवून, घोटून, गाळून घेतले. त्यात व्हिनेगर, काकवी, मोहरीची पूड, लाल तिखट, मिरी. मंद आचेवर ते रटरटायला लागलं तसे भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. ताईनं फडकं पुढं केलं तर म्हणाला, "राहू दे, मी पुसतो." इथं तिच्या मनात पाल चुकचुकली. स्वतः पुसतो म्हणणारा नवरा तिनं त्याआधी पाहिला नव्हता.

सॉस दाट झाला. त्यानं चमचाभर चाखला, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले. मग एका छोट्या बरणीत थोडा भरला, बरणी टॉवेलात गुंडाळली, भांग पाडला.

"जरा जाऊन येतो."

"कुठं?"

"इथंच."

इथंच गेलेला माणूस संध्याकाळी उगवला. बरणी जवळजवळ तशीच भरलेली. ती त्यानं मोरीत रिकामी केली आणि पातेल्यात उरलेलाही ओतून टाकला.

"अहो, टाकताय काय? मला चाखायला तरी द्यायचा."

"जमला नाही. आणि तुला नसताच आवडला."

हे शेवटचं वाक्य ताईच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. फक्त या खेपेला त्यानं सॉसमध्ये कॉफी ओतली. त्यानंतरच्या खेपेला कोको. मग कोलाची बाटली आणली. आणि एकदा तर पिशवीतून चक्क कोबीचा गड्डा निघाला.

"सॉसमध्ये कोबी?"

"करून बघतो."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार!" असं म्हणताना त्यानं पाठ फिरवली आणि कोबी असा काही चिरायला घेतला की जणू त्याच्या नोकरीचा प्रश्न होता.

ताईनं बहिणीला फोन लावला. बहिणीला घरात छोटी म्हणत, पण तिची मतं मोठी असत.

"बाई आहे," छोटी म्हणाली. जरासाही विचार केला नाही.

"काहीतरीच. ह्यांना?"

"ताई, पुरुष आपल्या जिभेसाठी हॉटेलात जातो. स्वयंपाकघरात शिरला की समजावं, दुसऱ्या कुणाच्या तरी जिभेसाठी शिरलाय. आणि ही बाई नखरेल आहे. प्रत्येक वेळी नाक मुरडते, आणि हे बापडे पुढच्या रविवारी नवीन काहीतरी घालून नेतायत. तुझ्या हातच्या आमटीला कधी नावं ठेवली नाहीत ना? ठेवतील कशी? लक्ष असेल तेव्हा ना!"

ताईनं फोन ठेवला, पण छोटीनं पेरलेलं बी रुजायला वेळ लागला नाही. संशय आणि डोळ्यात गेलेलं कुसळ, दोन्ही चोळलं की वाढतात. तिनं चोळलं. त्याचा रुमाल धुवायला टाकण्याआधी हुंगला. त्याला अंगाला लावायच्या पावडरीचा वास होता. गोडसर, गुलाबाचा. त्यांच्या घरात पावडर कुणीच लावत नसे.

ताईचं नाक म्हणजे नाकच होतं. दूध नासणार आहे हे तिला नासायच्या आधी कळायचं. दुकानात कापडाचा गठ्ठा उघडला की तो ओलसर गोदामात पडून होता की नाही हे ती सांगायची. त्या नाकानं गुलाबाची पावडर म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

आणि मग एका रविवारी तो गेल्यावर ती न्हाणीघरात हात धुवायला गेली, तर आरशाखालच्या फळीवर त्याचा वस्तरा नव्हता. ब्रश नाही, साबणाची वाटीही नाही. सकाळी तर दाढी करून, गाल तुळतुळीत करून गेला होता. मग दाढीचं सामान घेऊन कुणी कशाला जाईल? जो मुक्कामाच्या बेतात आहे तोच नेईल. ताई तिथंच न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली. नळ चालूच राहिला.

संध्याकाळी तो परत आला, सामानही आलं. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर 'सहज' म्हणाला असता.

पुढच्या रविवारी तो बाहेर पडला तशी ताईनं डोक्यावरून ओढणी घेतली आणि मागोमाग निघाली. तो बसच्या पुढच्या दारानं चढला, ती मागच्या. मधे एक लठ्ठ गृहस्थ कुंडीतलं झाड मांडीवर घेऊन बसला होता. त्या पानांच्या आडून तिला नवऱ्याची मान दिसत होती. मानेवरचे केससुद्धा नीट कापून घेतले होते. 'माझ्या भावाच्या लग्नाला हा माणूस वाढलेल्या केसांनी आला होता,' ताईच्या मनात आलं, आणि तिनं दात आवळले.

तो बाजाराच्या पलीकडे उतरला. ती उतरली. तो डावीकडे वळला आणि एक बंद पडलेलं थेटर ओलांडून बोळात शिरला. तेव्हा कुठं ताईच्या लक्षात आलं की त्याच्याकडे न बघताही तिची पावलं बरोबर पडतायत. हा बोळ तिला पाठ होता. बोळाच्या तोंडाशी एक खाली ओढलेलं शटर होतं, त्यावर गंजानं नक्षी काढली होती. वर पाटीचा रंग उडालेला. पाटी वाचायची तिला गरज नव्हती.

ते थोरल्याचं हॉटेल होतं. थोरला म्हणजे तिचा दीर, नवऱ्याचा मोठा भाऊ.

लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं ताईनं त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढली होती. पुढं निखाऱ्यावर मांस भाजलं जायचं, मागं सॉस शिजायचा, आणि लोक यायचे ते सॉससाठी. कांदे ती सोलायची, टोमॅटो ती घोटायची, ढवळायची तीच. फक्त अगदी शेवटी थोरला सगळ्यांना बाहेर काढायचा, दार लावून घ्यायचा आणि आत एकटाच काहीतरी करायचा. बाहेर आला की सॉस वेगळाच झालेला असे. काय घालतो हे त्यानं भावाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मग बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक नवीन हॉटेल निघालं, आणि तिथं हुबेहूब तोच सॉस. गिऱ्हाईकंच येऊन सांगायला लागली. थोरला स्वतः जाऊन चाखून आला आणि येऊन ताईसमोर उभा राहिला. "तुझं नाक कुत्र्याचं आहे. ह्या घरात कळलं असेल तर ते तुला कळलं असणार," एवढंच म्हणाला. ताईनं परोपरीनं सांगितलं. जाऊ मान खाली घालून कांदे निवडत राहिली. त्या दिवशी नवरा ताईला हाताला धरून बाहेर घेऊन आला आणि म्हणाला, "ह्यापुढं ते घर आपल्याला मेलं."

आणि तोच आता हॉटेलच्या बाजूच्या फाटकातून मागच्या घरात शिरत होता. भांग पाडून, बरणी घेऊन.

बाई नव्हती, हे कळल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं. ताईला वाटलं नाही. उलट, बाई असती तर परवडली असती असं वाटलं.

ती फाटकातून आत गेली. मागचं अंगण तसंच होतं. कोपऱ्यात लाकडांचा ढीग, त्यावर फाटका ताडपत्रीचा तुकडा. दार लोटलेलं होतं. फटीतून खिडकीजवळची खुर्ची दिसली आणि खुर्चीत थोरला. आधी ओळखूच आला नाही. चेहऱ्याची एक बाजू दोरी सुटलेल्या पडद्यासारखी खाली आली होती. उजवा हात मांडीवर पडला होता, आपला नसल्यासारखा. नवरा त्याच्यासमोर वाकून, जीभ दातात धरून, हलक्या हातानं त्याची दाढी करत होता. शेजारी जाऊ पावडरीचा डबा घेऊन उभी होती. दाढी झाली तशी तिनं थोरल्याच्या मानेला, पाठीला पावडर लावली. गुलाबाचा वास दारापर्यंत आला.

मग नवऱ्यानं बरणी उघडली. बटाट्याचा मऊ लगदा एका वाडग्यात होता, त्यावर चमचाभर सॉस घातला आणि घास थोरल्याच्या तोंडाशी नेला.

"बघ दादा, आज कदाचित..."

थोरल्यानं जीभ लावली आणि तोंड फिरवलं.

"को..." तो म्हणाला. तोंडाच्या एका कोपऱ्यातून, कष्टानं. "को... को..."

"कोको मागं घातला होता की रे. कॉफी झाली, कोला झाला. कोबीसुद्धा झाला! अजून काय असतं 'को'चं?" नवऱ्याचा आवाज रडकुंडीला आला होता. "वहिनी, सकाळपासून काय खाल्लं?"

"कालपासून विचारा," जाऊ म्हणाली. "नुसतं पाणी. डॉक्टर म्हणतात पोटात गेलं नाही तर दवाखान्यात नळी घालावी लागेल. बाकी काही पुढं केलं की हातानं उडवतात. तोच सॉस हवाय."

ताईच्या हाताखाली दार कुरकुरलं. तिघांनी वळून पाहिलं. नवऱ्याच्या हातातला चमचा वाडग्यात पडला.

जाऊ म्हणाली, "ये." आवाज इतका बारीक की आला की नाही कळू नये.

पण ताई बघत होती थोरल्याकडे. त्यानं तिला ओळखलं होतं. त्याचा धड असलेला डावा हात हळूहळू पुढं आला, टेबलावरच्या बरणीवर गेला, आणि त्यानं ती बरणी आपल्याकडे ओढून छातीशी धरली.

मोरीत ओतायच्या लायकीचा सॉस होता तो. तोही त्यानं तिच्यापासून लपवला.

ताई आल्या पावली परत फिरली.

घरी नवऱ्यानं सगळं सांगितलं. भावाला पक्षाघाताचा झटका आल्याचं कळलं तसा तो गेला होता. भावाचं तोंड असं वाकडं झालेलं पाहून त्याला राहवलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. मग तुम्ही गेला नसतात?"

"गेलो असतो."

"मग सांगून जायचं होतं. मी इथं वस्तऱ्यावरून काय काय डोक्यात घेऊन बसले होते, ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं. दुसरा कुठला दिवस असता तर तो पोट धरून हसला असता. त्या दिवशी तो नुसतंच म्हणाला, "माझ्याकडे? बाई?"

छोटीला फोन केला तर तिचा विरस झाला. "म्हणजे बाई नाहीच?" असं तिनं पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

त्या आठवड्यात ताई दुकानात जाड पडद्यांना इस्त्री करत होती. गडद निळं कापड, वाकडी घडी बसलेलं. इस्त्री जास्त तापली होती म्हणून तिनं ओल्या बोटांनी तिच्यावर पाणी शिंपडलं. चर्र! आणि लगेच गप्प.

ताईचा हात थबकला.

हा आवाज तिनं ऐकला होता. हॉटेलच्या त्या बंद दारामागून, रोज, सॉस व्हायच्या शेवटी. तेव्हा तिला वाटायचं थोरला तेलात काहीतरी तळतोय. पण तेलात टाकलेलं तडतडतं, बराच वेळ कुरकुरतं. हा आवाज तसा नव्हताच. हा दोनदा व्हायचा, आणि दोन्ही वेळा लगेच विझायचा. विझायचा! तापलेलं काहीतरी ओल्यात बुडल्यासारखा.

को. को.

कोळसा.

पेटत्या लाकडाचा लालभडक निखारा थोरला चिमट्यात धरून व्हिनेगरमध्ये बुडवायचा. सगळा धूर त्या आंबट पाण्यात उतरायचा, मग ते गाळून सॉसमध्ये. म्हणून तर तिच्या नाकाला कधी सापडलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात भिंतींना धुराचा वास, केसांना धुराचा, अंथरुणापर्यंत धुराचा. धुरात बसलेल्याला सॉसमधला धूर वेगळा कसा येणार?

इस्त्रीखालून करपल्याचा वास आला आणि ताईनं इस्त्री उचलली. कापड वाचलं, थोडक्यात.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग वाटलं, हे मी सांगितलं तर? 'बघा, हिला ठाऊक होतंच.' इतकी वर्षं जे नाकारत आले, ते मीच माझ्या तोंडानं कबूल केल्यासारखं होईल. आत्ता कळलं म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? थोरला तर नाहीच. जाऊही नाही. आणि नवरा? ह्या विचाराशी ती अडखळली. नवऱ्यानं त्या दिवशी तिला हाताला धरून बाहेर आणलं होतं खरं, पण 'तू नाही केलंस ना?' असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. विश्वास होता म्हणून विचारलं नाही, की उत्तराची भीती वाटली म्हणून? इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. आता पडला आणि बसला ठाण मांडून.

दोन-चार दिवस ती गप्प राहिली. नवरा जेवताना घास चिवडायचा. शुक्रवारी तो भावाकडे जाऊन आला आणि बूटही न काढता बसून राहिला.

"सोमवारी दवाखान्यात नेणार आहेत. नळी घालणार."

ताईनं त्याच्यापुढं पाणी ठेवलं. उभ्या उभ्याच म्हणाली, "एक विचारते. त्या सॉसचं गुपित मी फोडलं असं तुम्हाला कधी वाटलं होतं?"

त्यानं मान वर केली. उत्तर लगेच आलं नाही, आणि ते लगेच आलं नाही हे ताईनं पाहिलं.

"एकदा," तो म्हणाला. "सुरुवातीला. एक दिवस. मग वाटलं, फोडलं असेल तर असेल. म्हणून काय तुला सोडू?"

हे उत्तर ताईला आवडलं नाही. पण खोटंही वाटलं नाही. 'कधीच नाही' म्हणाला असता तर तिनं पुन्हा रुमाल हुंगायला सुरुवात केली असती.

"रविवारी मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

रविवारी थोरल्याच्या अंगणात तिनं सॉस शिजवला. घरून करून न्यायचा नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. जे काही करायचं ते त्याच्या डोळ्यांदेखत. त्याची खुर्ची तिनं मागच्या दारात आणवली. थोरला बसला आणि त्यानं तिच्या हातांवर नजर रोवली ती काढलीच नाही. तिनं कांदा चिरला, तो बघत होता. काकवीची धार ओतली, तो बघत होता. सुरी बाजूला ठेवली तरी नजर सुरीबरोबर गेली, हातात अजून काही लपवलंय का म्हणून.

मग तिनं ढिगातलं एक वाळलेलं ढलपं काढलं. सफरचंदाचं लाकूड, हॉटेलात तेच जळायचं. ते शेगडीत लाल होऊ दिलं. नवरा म्हणाला, "हे कशाला?" तिनं चिमट्यानं निखारा उचलला, फुंकून राख उडवली, आणि व्हिनेगरच्या वाडग्यात बुडवला.

चर्र!

थोरल्याची खुर्ची करकरली. तो उठायला बघत होता. नवराही दचकून मागं सरला; जाऊ तेवढी बटाटे कुस्करत होती, ती कुस्करतच राहिली.

फडक्यातून गाळलेलं ते काळपट पाणी तिनं सॉसमध्ये ओतलं, ढवळलं, थोडं आटू दिलं. बटाट्यावर घालून वाडगा नवऱ्याच्या हातात दिला. स्वतः पुढं गेली नाही.

थोरल्यानं पहिला घास जिभेवर धरून ठेवला. धड असलेला डोळा भरून आला. मग त्यानं गिळलं. दुसरा घास गिळला. तिसऱ्याला त्यानं नवऱ्याच्या हातातून चमचाच ओढून घेतला आणि डाव्या हातानं, हनुवटीवर सांडत, सगळा वाडगा संपवला.

आणि संपवून झाल्यावर चमचा तिच्यावर रोखला. एकदा तिच्यावर, एकदा पातेल्यावर. तोंडातून नुसता घरघर आवाज.

"दादा," नवरा म्हणाला.

"थांबा," ताई म्हणाली. "विचारू दे त्यांना. भावजी, मला कसं कळलं म्हणताय ना? ऐका मग. आवाज मी तेव्हाही ऐकत होते, पण अर्थ ह्याच आठवड्यात कळला, इस्त्री करताना. पटत असेल तर पटवून घ्या, नाहीतर राहू द्या. तेव्हा कळलं असतं ना, तर दुसरीकडे जाऊन सांगितलं नसतं. तुमच्यासमोर उभी राहून म्हणाले असते की निखारा एक पुरे, तुम्ही दोन बुडवता आणि सॉस कडवट करता!"

थोरला तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात काय होतं ते सांगता येत नव्हतं. अर्धा चेहरा त्याचं ऐकत नव्हता, आणि उरलेला अर्धा पूर्वीही कुणाला काही सांगत नसे. शेवटी त्यानं रिकामा वाडगा पुढं सरकवला.

"विश्वास बसला म्हणून की भूक आहे म्हणून?" नवऱ्यानं विचारलं. ताईनं वाडगा भरला.

पातेलं घासायला ती अंगणातल्या नळावर गेली, तर जाऊ मागोमाग आली. राखेत बोटं घालून बसली आणि एकाएकी हुंदके द्यायला लागली. ताईनं पातेलं खाली ठेवलं. ती रडते आहे हे ठीक. पण हे रडणं सुटकेचं नव्हतं, तिच्या कानाला ते निराळंच लागलं.

"जाऊबाई," ती सावकाश म्हणाली, "निखारा बुडवला तेव्हा हे दोघंही दचकले. तुम्ही दचकला नाहीत."

जाऊ पदरात तोंड लपवून म्हणाली, "माझ्या भावानं पाहिलं होतं. लाकडं टाकायला यायचा तेव्हा, वरच्या झरोक्यातून. त्यानंच तिकडं सांगितलं. मला नंतर कळलं, तुम्ही दोघं गेल्यावर. कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

"आणि आता? इतके रविवार हा माणूस कोबी चिरत होता! भावजी उपाशी होते!"

"सांगितलं असतं तर विचारलं असतं ना, तुला कुठून ठाऊक."

ताई उठून उभी राहिली. दार उघडं होतं. आत दोघं भाऊ बसलेले दिसत होते. नुसता आवाज चढवायचा अवकाश, सगळी वर्षं फिटली असती. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण थोरला तेव्हा डाव्या हातानं हनुवटीवरचा सॉस पुसून बोट चाटत होता, लहान मुलासारखा, आणि हे ऐकून त्यानं पुन्हा वाडगा भिरकावला असता.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं, ते जरा सावरले की. आणि मी वाट बघतेय हे विसरू नका."

"सांगते गं."

"बघू."

तो 'बघू' ताईनं मनापासून म्हटला होता. त्यानंतर दर रविवारी ती जायची, निखारा बुडवायची, आणि थोरला दारात बसून तिच्या हातांवर पहारा करायचा. नळी टळली होती. त्याच्या गालांवर मांस धरू लागलं होतं. पण नजर तीच. ताई जावेकडे बघायची, जाऊ दुसरीकडे. 'ही कसली सांगतेय,' ताई परतताना बसमध्ये म्हणायची. 'आता बरं चाललंय, मग कशाला सांगेल?' नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं होतं. घरात आता लपवाछपवी नको, असं दोघांनीही मान्य केलं होतं, आणि दोघंही ते बऱ्यापैकी पाळत होते.

मग एका संध्याकाळी नवरा कामावरून परस्पर भावाकडे जाऊन आला. चप्पल काढता काढता म्हणाला, "वहिनीनं सांगितलं."

"काय म्हणाले भावजी?"

"म्हणणार काय? हाताशी कप होता तो भिंतीवर मारला. दुपारभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. मग चहाच्या वेळेला घेतलं."

"आणि माझ्याबद्दल?"

"काही नाही."

ताईला वाटलं होतं, काहीतरी असेल. निदान एक शब्द, जमेल तसा. रविवारी ती मुद्दाम नीट साडी नेसून गेली. थोरला नेहमीसारखा दारात बसला होता. तिनं "कसे आहात?" विचारलं, त्यानं मान हलवली. बस. तिनं कांदा चिरायला घेतला. मनातून ती खट्टू झाली होती, आणि आपण खट्टू झालो याचा तिला रागही येत होता.

टोमॅटो आटले. काकवी पडली. ढलपं लाल झालं. चिमट्यात निखारा धरून तिनं सवयीनं मागं वळून पाहिलं, त्याला दिसतंय ना म्हणून.

थोरला झोपला होता. मान खुर्चीच्या पाठीवर कलंडलेली, तोंड किंचित उघडं, डावा हात मांडीवर मोकळा.

ताईनं निखारा हळूच बुडवला, शक्य तितका कमी आवाज होईल असा.

जाऊ दारातून कुजबुजली, "जेवण तयार होतंय, उठवू का?"

"झोपू द्या," ताई म्हणाली. "अजून गरम आहे."